उशिरा पोचणारी सम

गुरुवारी साडेसातला
फोन तिखटाच्या डब्याला टेकवून ठेवते.
मुलाने स्टँड आणून दिलाय, पण त्यात फोन मान टाकतो.
तिकडे घणसोलीत प्रणिता मढवी,
मागे इस्त्रीचे कपडे, झोपाळ्याची साखळी.
"ऐकू येतंय ना बाई?"
येतंय. जरा उशिरा.

संस्थेने एक तक्ता पाठवला होता.
नव्या शिक्षिकेची अडचण, अनुभवी शिक्षिकेचा उपाय.
अडचणीच्या रकान्यात पहिल्याच दिवशी मी लिहिलं :
आम्हाला एकत्र गाता येत नाही.
मी सम देते, ती बरोबर समेवर येते,
पण तिची सम कळव्यापर्यंत पोचते तोवर
मी दुसऱ्या मात्रेवर निघून गेलेली असते.
बत्तीस वर्षं टाळी देऊन वर्गच्या वर्ग ओढून आणले,
आणि आता टाळीच कामाची नाही.
मग ती गाते तेव्हा मी गप्प बसते.
खरं सांगायचं तर
इतकं ऐकायची मला सवय नव्हती.

शाळेच्या पेटीचा कोमल गंधार
दाबला की उठतच नाही, म्हणाली.
पट्टीखाली कागदाची घडी सरकव, म्हटलं.
सरकवली, उठला.
तक्त्यात माझ्या नावावर जमा असलेला हा एकच उपाय.

मग एकदा म्हणाली, सहावी ब मध्ये सर्वज्ञ नावाचा मुलगा आहे.
चोपन्न मुलांची प्रार्थना काळी एकमध्ये,
ह्याची भलतीकडेच, खाली कुठेतरी,
आणि जोरात.
मुख्याध्यापक म्हणतात, तपासणीच्या दिवशी त्याला सांगा,
नुसते ओठ हलव.
"काय करू बाई?"

...

"बाई? अडकलात का?"

अडकले होते.
एकोणनव्वद सालचं स्नेहसंमेलन, तिसरी रांग,
दत्ताराम कोयंडे, नव्या सदऱ्याची घडी न मोडलेली.
तू नुसते ओठ हलव हं, राजा.
राजा म्हणाले होते. तेवढी मऊ होते मी.
त्याने हलवले. एक शब्दही चुकला नाही.
पुढे चार वर्षं तो माझ्याच वर्गात होता
आणि त्याचा चेहरा आठवतो, दप्तर आठवतं,
आवाज आठवत नाही.

पुढच्या गुरुवारी सांगते, म्हटलं. नेट बरं नाही आज.
नेट चांगलं होतं.

पुढच्या गुरुवारपर्यंत ती थांबली नाही.
मधल्या सुट्टीत त्याला पेटीजवळ बसवलं,
म्हटलं, तुला वाटेल तो एक सूर लाव आणि धरून ठेव.
त्याने धरला.
ती बोटाने शोधत गेली, एकेक पट्टी मागे.
"सापडला बाई, खालची पांढरी पाच!
बेसूर नव्हताच तो. त्याचा सा तिथे होता.
मग मी बाकीच्यांनाच तिकडे नेलं.
जरा घुमल्यासारखं होतं, पण येतात सगळी."
आणि तपासणी?
"आलेच नाहीत हो कोणी. तारीख बदलली."

तिने ध्वनिमुद्रण पाठवलं.
गॅलरीत, कानात बोंडं घालून ऐकलं.
बाकांची करकर, एक कावळा, कुणाचा तरी खोकला,
आणि चोपन्न गळे.
त्यातला सर्वज्ञ कुठला, म्हणून तीनदा ऐकलं.
ओळखता आला नाही.

उपायाचा रकाना कोरा ठेवून तक्ता परत केला.
दत्तारामचं तिला अजून सांगितलेलं नाही.

फोन बंद झाल्यावर मात्र
पलंगाखालची पेटी ओढून काढली,
भात्याची धूळ फडक्याने पुसली,
शेजारच्या कुकरची शिट्टी संपू दिली,
आणि खालच्या पट्ट्यांपासून सुरुवात केली.
हा?
का हा, दत्ताराम?
हा?