प्रश्न उद्भवत नाही

सकाळी साडेआठला विधानभवनाच्या फाटकावर
माझा पास माझ्या चेहऱ्याशी ताडून बघतात.
चौदा वर्षं तोच चेहरा, पासावर तरी.
बिल्ल्यावर लिहिलंय 'संपर्क'.
कुणाचा कुणाशी, ते लिहिलेलं नाही.

काम म्हणाल तर पोस्टमनचं.
खात्याला कान आहेत, सभागृहाला तोंड,
आणि मधला घसा मी.
सगळं माझ्यातून जातं,
गिळतं दुसरंच कुणी.

कुणाला धमकीचा फोन आला, खरा की मेव्हण्याचा ते बघा.
कुणाला एक अंगरक्षक कमी पडतो,
शेजारच्या आमदाराला दोन आहेत म्हणून.
कुणाच्या भाच्याचा पासपोर्ट अडलाय.
मी 'बघतो' म्हणतो. बघणं हेच माझं खातं.

आज तारांकित प्रश्न, श्रीमती कौतिकाबाई वळवी:
धरणग्रस्तांच्या सभेला आलेल्यांची नावे
साध्या वेशातील इसमांनी टिपून नेली, हे खरे आहे काय?
असल्यास, कोणाच्या आदेशाने?
नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

शेवटचं कलम छापीलच असतं,
प्रत्येक प्रश्नाच्या शेपटीला.
आमच्याकडे न घडलेल्या गोष्टीलाही
उशीर झालेला असतो.

उत्तराचा मसुदा रात्री मीच केला.
टाइप करणारी पोरगी म्हणाली,
सर, हे आधीचंच सेव्ह आहे, नुसता क्रमांक बदलू?
बदल म्हटलं.
(१) हे खरे नाही.
(२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.
टेबलाच्या खणात त्रेसष्ट नावांची यादी होती.
पहिलं नाव कौतिकाबाईंचं.
एकेचाळिसावं जात्रीबाई पाडवी, वय अंदाजे साठ,
आणि शेरा: 'सक्रिय'.
खाली त्याच शाईत, बारीक: 'भाकऱ्या थापत होती'.

बुधवारी आमदार निवासात गेलो होतो,
त्यांच्या सुरक्षेचा आढावा घ्यायला.
खोलीत तीन गाववाले जमिनीवर झोपलेले,
खिडकीत लुगडं वाळत घातलेलं.
दर अधिवेशनाला देतात तशी
वर्तमानपत्रात बांधलेली नंदुरबारची मिरची दिली.
पुडी फुटकी होती.
म्हणाल्या, खडपेसाहेब, एक विचारू?
तुमच्या वहीत माझी गुडघेदुखी आहे का हो?
मी हसलो.
आहे. पान सात. 'जिना चढताना आधार घेतात'.

आज अधिकाऱ्यांच्या गॅलरीत मी, मांडीवर चिठ्ठ्यांचा कोरा गठ्ठा.
मंत्र्यांनी वाचलं, 'हे खरे नाही',
माझाच स्वल्पविराम चुकवून.
बाई बाकाला हात देऊन उठल्या.
अध्यक्ष महोदय, यादीच नाही म्हणता, बरं.
मग त्या नसलेल्या यादीतली एकेचाळीस नंबरची म्हातारी
सभेला नव्हती, चुलीपाशी होती.
एवढी दुरुस्ती तरी मंत्रिमहोदय करतील काय?

आधी कुणी हसलं. मग कुणीच नाही.
मंत्र्यांनी वर माझ्याकडे पाहिलं.
शिपाई चिठ्ठीसाठी हात पुढे करून उभा.
मी लिहिलं, 'माहिती गोळा करण्यात येत आहे'.
ती त्यांनी नीट वाचली.

संध्याकाळी साहेबांनी बोलावलं.
यादी फुटली कुठून, सात दिवसांत अहवाल.
आमदारांकडे जाणं-येणं तुमचंच,
तुम्हीच करा चौकशी.
होय सर.

तर चौकशीत आढळून आलं ते असं.
बुधवारी संपर्क अधिकारी खडपे यांनी
बगलेतलं पाकीट बाईंच्या टेबलावर ठेवलं
आणि ते हात धुवायला गेले,
बोटांना मिरची लागली होती म्हणून.
त्या मजल्यावर एरवी नळाला करंगळीएवढी धार असते.
त्या दिवशी भरपूर पाणी होतं.
खडपे बराच वेळ हात धूत होते.

हे अजून कागदावर घेतलेलं नाही.
दिवा घालवून बसलोय, सहा दिवस उरलेत.
खाली मरीन ड्राइव्हवर गाड्या आपापल्या घरी चालल्यात,
कुणीही त्यांचे नंबर टिपत नाही, बहुधा.
डोळ्यांना हात गेला की
अजूनही चुरचुरतं.