दिवसाला एक मिलिमीटर

पहाटे चारला रेमिहिओ प्रयोगशाळेच्या मागच्या दाराशी
बादली आपटायचा. आत जिवंत स्क्विड, रागानं लाल.
मेलेला चालत नाही, हे मी त्याला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं:
मेलेल्याचा तंतू बोलत नाही.

कापायचं काम माझं. कात्रीचं टोक, समुद्राचं थंड पाणी,
आणि मांसातून उकलत येणारा तो एक दोरा,
शिजलेल्या शेवईएवढा, तितकाच पारदर्शक.
दोन्ही टोकांना तारा.
सोडियम आत, पोटॅशियम बाहेर,
आणि पडद्यावरची हिरवी रेघ दचकायची.

"एवढंसंच?" त्यानं एकदा विचारलं.
"एवढंसंच. तुझ्या आईची आठवणसुद्धा
असल्याच दचकण्यांची बनलीय."
त्याला ते आवडलं नाही. दोन दिवस बादली ठेवून तो न बोलता गेला.

एप्रिलमध्ये सुरी घसरली.
मनगटावर, करंगळीच्या रेषेत.
विन्या देल मारच्या दवाखान्यात कातडी शिवली, आतला तंतूही शिवला,
पण करंगळी परक्याची झाली.
अनामिकेची एक कड तिच्याबरोबर गेली, दुसरी त्याच्याकडे राहिली.
ही वाटणी कुणी केली, म्हणून तो चिडायचा.

मी कागदावर काढून दाखवलं:
पेशी इथे वर, मानेच्या तळाशी, मणक्यांच्या आडोशाला सुखरूप.
तिचा एकच लांब हात, बोटाच्या टोकापर्यंत.
तुटल्यापलीकडचं सगळं मेलं, वाहून गेलं,
नळी तेवढी राहिली, मोकळी.
तिच्यातून ती पुन्हा हात लांबवते.
"किती?"
"दिवसाला एक मिलिमीटर. बरं चाललं तर."
त्यानं खिशातून मासे मोजायची पट्टी काढली.
मनगट ते नख, एकशे चाळीस.
"म्हणजे सप्टेंबर," तो म्हणाला, बोट धक्क्याला लागायची वेळ सांगावी तसं.

दर शनिवारी मी तळव्यावर टिचक्या मारत जायची.
"मुंग्या?"
"नाही."
"इथे?"
"नाही. थांब. आल्या."
तिथे निळ्या पेनाची खूण.
आठवड्यात खारं पाणी ती पुसून टाकायचं,
मुंग्या मात्र सात मिलिमीटर पुढे गेलेल्या.

जुलैत त्या थांबल्या. तीन शनिवार, एकाच जागी.
मी पुस्तकं चाळली, त्याला बोलले नाही.
स्क्विडच्या तंतूला वेष्टण नसतं म्हणून तो जाड,
आपले गुंडाळलेले, बारीक, फटीफटीवरून उड्या मारत जाणारे,
हे सगळं मला पाठ होतं
आणि त्यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं.
तो तीन बोटांनी जाळं सांधत बसायचा.

ऑक्टोबर. शेगडीवर किटली.
हात चुकून लागला आणि झटकन मागे आला.
कण्यानं परस्पर ठरवलं, मेंदूला विचारलंच नाही.
मेंदूला बातमी नंतर पोचली,
शिवी त्याच्याही नंतर.

मग तो गप्प. करंगळी तोंडाशी धरून
फुंकर घालायचीही विसरला.
"चटका बसला, नेलिदा."
"दिसलं."
"कडेला. ह्या कडेला."
थोड्या वेळानं, हळूच:
"पुन्हा एकदा लावून बघू?"

मी किटली उचलली आणि खिडकीत नेऊन ठेवली.