एक, तीन, दोन

अक्कलकोट रोडला, एमआयडीसीच्या अलीकडं,
बाभळीला टायर टांगलाय ते राजय्या येमूलचं गॅरेज.
पाटी नाही. टायरच पाटी.

बेचाळीस डिग्री, दुपारचे साडेतीन.
म्हमाणे ओम्नी घेऊन आले,
मागं कडक भाकरीचे डबे, शेंगाचटणीचे डबे,
सगळे आपापसात थडथडत.
'लंगडलालीय ओ,' म्हणाले, 'सिग्नलला उभी केली
की हिवताप भरल्यासारखी.
एकानं प्लग बदलले, एकानं वायरी.
तिसरा म्हणतो, विका.'

राजय्याला ऐकू येत नाही.
एकवीस वर्षं चादरीच्या शेडमध्ये
चोवीस मागांच्या मध्ये उभा होता.
शेड बंद पडली, माग किलोवर भंगारात गेले,
कान काही परत मिळाले नाहीत.
म्हणून मी. महिना सहा हजार
आणि चारचा चहा.

त्यानं पुढची सीट उचलली.
लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं,
लाकडी मूठ दातांत धरली, डोळे मिटले.
मी म्हमाण्यांना ओठावर बोट ठेवून गप्प केलं,
उगाच; फटाक्यांची माळ लावली असती तरी
त्याला काय.

मग बोटांनी पत्र्यावर वाजवून दाखवलं:
एक, तीन, दोन, अशी ठिणगी फिरायला पाहिजे.
हे बघ: एक, तीन,      एक, तीन,
धोट्यानं फेरी चुकवली की कापडात
अशीच रेघ राहते. शेडमध्ये दिसत नाही.
गिऱ्हाइकाला दिसते, धुतल्यावर.

प्लासनं एकेक वायर उपटली.
पहिली काढली, इंजिन गुदमरलं.
तिसरी काढली, बंदच पडायला आलं.
दुसरी काढली
आणि काहीच नाही. तसंच हललं, तसंच चाललं.
'काढल्यावर फरक पडत नाही, तोच मेलेला,'
हे तो इंजिनाबद्दल म्हणाला.
शेडमधली माणसं कमी करताना
मालकाच्या जावयानं हीच रीत धरली असणार.
राजय्याचा नंबर सतरावा होता.

ठिणगी निळी. प्लग कोरा.
वायर एकची दोनला, दोनची एकला:
दोष जागचा हलला नाही.
मीटर लावलं. कडेच्या दोघांना दीडशे,
मधल्याला सत्तर. चमचाभर तेल सोडलं,
तरी सत्तरच. रिंगा बऱ्या हायत,
दम वरनं चाललाय.

'गॅसवरच पळवता?'
'पेट्रोल परवडतंय का ओ?'

इंजिन गार व्हायला दोन तास.
त्या उन्हात गार म्हणजे किती, ते वेगळं.
म्हमाण्यांनी एक डबा फोडला,
भाकरी मोडताना तिघांच्या हातात तीन आवाज झाले,
दोनच ऐकू गेले, म्हणजे दोघांना.

झाकण काढून फिलरची पातळ पट्टी सरकवली.
एकला गेली. तीनला गेली.
दोनच्या एका झडपेखाली नखाएवढीही शिरेना.
राजय्या हसला. तंबाखूचे दात.
'लई घट्ट झालंय, म्हणून लागत नाही.'
म्हमाण्यांना कळलं नाही. मलाही लगेच नाही.
लोखंड तापलं की वाढतं; त्याला वाढायला
केसभर मोकळं ठेवावं लागतं. ते सरलं
की झडप कायम किलकिली,
आणि घरातला दम बाहेर.

नट सैल केला, पट्टी धरली, नट आवळला.
एकशे तीस. 'थोडी जळलीय.
दिवाळीपर्यंत काढंल. मग हेड उतरवा.'
साडेतीनशे रुपये घेतले, नोट उन्हात धरून बघितली.

गाडी वळून रस्त्याला लागली.
त्यानं भुवई उडवली: कशी गेली बे?
डबे वाजत नव्हते.
हात पान्यासकट तसाच वर राहिला माझा,
न वाजणं बोटांनी कसं वाजवून दाखवायचं,
तेवढंच सुचेना.