औंदाचं मीठ

पाध्येबाईंनी विचारलं, घरात आधी कुणाला होतं का?
आई म्हणाली, छे, आमच्यात कुनालाच नाय.
मग पदराचं टोक चाचपत बसली.
माझे सासरे, म्हणाली. हिराजी.
आठ-आठ रात्री डोळ्याला डोळा नाही,
भरतीत उतरून एकटे मिठागराचे बांध घालायचे.
गाव म्हणायचं, आगरी असावा तर असा.
आणि मग पावसाळाभर
भिंतीकडे तोंड.

बाईंनी कागदावर चौकोन काढला, आत रेघा मारल्या.
झोप? दारू? बाळंतपण? कुणी गेलं?
मी म्हटलं, सगळंच थोडं थोडं.
आगर सिडकोत गेलं माझ्या जन्माआधी.
साडेबारा टक्क्यांचा भूखंड काकाने विकला, पैसा तीन वर्षांत आटला.
हर्षल बोटीवर.
बाळ सातव्या महिन्यात आलं, दीड महिना काचेत होतं.
आणि गेल्या मार्चमध्ये मी चार रात्रींत
अख्ख्या शहाबाज गावाला पुरतील इतक्या भाकऱ्या थापल्या.
पाचव्या पहाटे वाशीच्या पुलावर सापडले,
पायात चप्पल नव्हती.
खरं सांगू? इतका आनंद मला कधीच झाला नव्हता.

मग ह्यातलं नेमकं कशामुळे?
एकच कारण नसतं, बाई म्हणाल्या.
आई पुढे सरकली.
मिठावानी का? खारं पानी पायजे, ऊन पायजे, वारा पायजे.
एक नसला तर कोंडीत नुसता चिखल.
बाईंनी पेन खाली ठेवलं.

गोळीचं नाव लिथियम.
हेही एक मीठच, खाणीतलं.
जेवणातलं मीठ कमी करायचं नाही, पाणी भरपूर,
जुलाब-उलट्या झाल्या तर लगेच फोन.
आईला बीपी, तिचं कालवण अळणी,
म्हणून आमच्या घरात आता दोन टोप चढतात.

शेजारचे म्हणाले, ठाण्याला दाखवा.
सासूने मीठ-मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या.
तीही वाईट नाही. तिला तेवढंच मीठ ठाऊक.

हात थरथरतो. बशीत चहा सांडतो.
भाकरीला कड फुटते, पूर्वी फुटत नव्हती.
तो आनंद परत आला नाही,
कधीकधी त्याची आठवण येते, चोरून.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
मी झोपते.
साडेदहाला दोन गोळ्या, मग मुलाच्या पाठीला पाठ.

तीन महिन्यांनी रक्त तपासायचं.
शून्य पूर्णांक सात.
आई रिपोर्ट उलटा धरते, डोळ्यांजवळ नेते,
विचारते,
औंदा किती उतरलं गो?