मात्रा

प्रेसमध्ये एकवीस वर्षं मी चुका शोधते.
नाशिकरोडला, ट्यूबलाइटखाली शीट धरायची :
शाई पसरलीय का, आकडा सरकलाय का.
सापडली की नोट बाद,
तिच्या जागी दुसरी, आकड्यांत तारा छापलेली.
बाजारात तिला कोणी कमी लेखत नाही.

हे मी थेटे वकिलांना सांगत होते
तेव्हा ते डिस्चार्ज कार्डाची पानं लावत होते.
सीबीएसजवळ झेरॉक्सच्या दुकानावर त्यांची खोली,
खालच्या मशीनचा हिरवा उजेड जिन्यात येतो-जातो.
म्हणाले, बिलं सगळी आणलीत?
मी पिशवी उलटी केली.
बिलं, केमोच्या चिठ्ठ्या, पुरचुंडीत केस.
केस त्यांनी हळूच माझ्याकडे सरकवले.
त्यांना निशाणी क्रमांक पडत नाही.

काढलेल्या भागात काहीच सापडलं नव्हतं.
डॉक्टर तेव्हा हसून म्हणाले होते,
बघा, मुळासकट गेला.
आम्ही त्यांच्या पाया पडलो होतो.

अर्जात मला ग्राहक म्हणायचं असतं.
मी विचारलं, मी काय विकत घेतलं हो?
सेवा, ते म्हणाले.
जे झालं त्याला शब्द आहे : सेवेतील त्रुटी.
ब्लाउजच्या डाव्या बाजूला मी
जुन्या लुगड्याची घडी भरते,
तिला मी अजून कुठलाच शब्द दिलेला नाही.

चूक कळल्यापासून दोन वर्षं, असं त्यांनी बोटांवर मोजलं.
मुंबईहून दुसऱ्या डॉक्टरांचं मत आणलं,
लॅबकडून मेणाचा ठोकळा मागवला,
बोटाच्या पेराएवढा, माझ्या नावाचा,
आत कोणाचं तरी मांस.
मग पाच महिन्यांनी रजिस्टरची नक्कल.
एकाच तारखेला, एकाखाली एक :
मंजुळा पगार.
मंजुळा पगारे.
इंग्रजीत एक अक्षर, आपल्यात एक मात्रा.
बाळाला उगाळून देतात तीही मात्राच.

थेटे वकिलांनी पेन्सिलीने गोल केला.
केस उभी राहिली, म्हणाले, आणि चहा मागवला.
मी मात्र वरच्या ओळीपाशीच थांबले.
माझा रोग नसणं
ह्या बाईच्या हातात देऊन तिला घरी पाठवलं होतं.

ती आपली पक्षकार नाही, ते म्हणाले.
शोधणं आपलं काम नाही.
चहा संपेपर्यंत गप्प राहिले,
मग पत्ता त्यांनीच पावतीमागे लिहून दिला.

सातपूर, भाजीबाजाराच्या मागची गल्ली.
बाई परातीत मटकी निवडत होती.
रिपोर्ट चांगला आला तेव्हा गल्लीभर पेढे वाटले, म्हणाली,
तुम्हीही पगारच का? कुठले, कळवणचे?
मी म्हटलं, पगारे.
पाठ दुखते म्हणाली, वर्ष होईल, गोळीवर भागतं.
मी तिला कोणत्या शब्दांत सांगितलं, आठवत नाही.
परातीतला आवाज थांबला
एवढं आठवतं.
मग तिने विचारलं, तुमचं उगाचच कापलं म्हणजे?
माझ्यासाठी पहिल्यांदा रडलेली बाई ती.

आता अर्जावर आम्ही दोघी.
तक्रारदार एक, तक्रारदार दोन.
थेटे वकिलांनी दुसरीची फी घेतली नाही,
टायपिंगचे तेवढे घेतले.
नुकसानीच्या रकान्यात माझे बुडालेले सात पगार आहेत,
आणि तिचं वर्ष. ते कसं मांडायचं
ह्यावर त्यांनी तीनदा खाडाखोड केली.

आज तिसरी तारीख.
समोरचे वकील पुन्हा मुदत मागणार,
त्यांचा मोबाइल तसाच हसतोय.
बाकावर माझ्या शेजारी मी पिशवी ठेवलीय,
जागा धरल्यासारखी.
ती वॉर्डात आहे, हाताला सलाईन,
सकाळी फोनवर म्हणाली, डबा खाऊन जा.

शिपाई दारात येतो, घाईत पुकारतो :
मंजुळा पगार!
मात्रा खाल्ली, की तिलाच बोलावतोय, कोण जाणे.

मी पदर सावरून उठते.
हजर, म्हणते.