ओहोटीची वेळ

दोरिंदा आता शिंपले वेचायला जात नाही,
पण ओहोटीची वेळ तिच्या कमरेला अजून पाठ आहे.
पहाटे चारला कळ येते,
दार न वाजवता, जुन्या ओळखीची.

चाळीस वर्षं गालिसियाच्या खाडीत
गुडघाभर गार पाण्यात वाकून दंताळं ओढलं.
तेव्हा दुखणं अंगावर काढलं,
आता ते अंगावरून उतरायचं नाव घेत नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज चाला.
जिन्याला हे कोण सांगणार?
ती आडवी उतरते, खेकड्यासारखी,
आणि शेवटच्या पायरीवर
स्वतःलाच हसते.

मोजे चढवायला लाकडी चिमटा आहे.
बरणीच्या झाकणाला शेजारचा अमारो.
तो झाकण उघडून देतो,
ती त्याच्या पाठीला मलम चोळते,
जिथे त्याचा हात पोचत नाही तिथे.
कापराचा वास दोन्ही घरांत सारखाच.

संध्याकाळी धक्क्यावरचा बाक.
बसणं सोपं.
उठायचा ठराव अमारो मांडतो,
दोरिंदाचे गुडघे अनुमोदन देत नाहीत.

"पाणी चढतंय," तो म्हणतो.
"चढू दे," ती म्हणते,
"उतरायला लागलं की उठू."