नमुना क्रमांक एकतीस

लष्करात, निंबाळकरांच्या गोठीत
तीस दारं झाली,
तिसावं तोंडावर आपटलं.
फॉर्म चाळीस हवे होते, दिवेलागणीच्या आत.

मग दौलतगंजात एका बंद दुकानाच्या पायरीवर
एकतिसावी बाई मीच जन्माला घातली:
हंसाबाई शितोळे, वय बावन्न,
घरात चार माणसं, चहा पाच वेळा,
आलं नको, वेलची सढळ.
पाकिटाचा रंग? जांभळा म्हणाली.
उरलेल्या नऊजणी
तिच्याच भिशीतल्या.

दिवाळीनंतर बाजारात आला
जांभळ्या पाकिटातला वेलची चहा,
‘खास ग्वाल्हेरच्या पसंतीचा’.

वाण्याकडे धूळ खातोय.
“कुणी विचारत नाही, ताई.”

मी दोन पाकिटं घेतली.
एक हंसाबाईंना पोचवायचंय.
पत्ता आहे फॉर्मवर,
माझ्याच अक्षरात.